एका श्वासात सोळा

डॉक्टरसाहेब माणसांना ‘तू’ म्हणायचे आणि बैलांना ‘आपण’. देवणीत नव्यानं आलेल्याला वाटायचं, थट्टा चालली आहे. तसं नव्हतं. ढोरांच्या दवाखान्यातल्या लाकडी खोड्यात बैल उभा केला की त्याच्या मानेवर तळवा ठेवून ते म्हणत, “आपण जरा डावा पाय उचलावा. दुखंल थोडं, पण लवकर उरकतो.” आणि लगेच बैलाच्या साठीतल्या मालकाकडे वळून, “ए, वेसण धर की नीट! झोपलास का?” मालकाला राग यायचा नाही. आणि बैल खरोखर पाय उचलायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी तेव्हा देवणीच्या सरकारी आरोग्य केंद्रात सिस्टर म्हणून नवीनच लागले होते. माहेर मुखेडचं, वय चोवीस. राहायला खोली मिळाली ती आप्पांची. आप्पा म्हणजे गावातले एक जुने शेतकरी. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं मोजकं. त्यांची गावात एकाच अंगणाला लागून दोन घरं होती. एकात डॉक्टरसाहेब आणि त्यांच्या बायको, म्हणजे काकू, राहायच्या. दुसऱ्यात मी. आप्पा स्वतः शेतातच असायचे.

पहिल्या दिवशी मी पत्र्याची पेटी घेऊन फाटकातून आत आले, तर एक उंच, वाळका माणूस ओट्यावर बसून रबरी हातमोजे वाळत घालत होता. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. फाटकापासून दारापर्यंत माझे पाय बघितले आणि म्हणाला, “डाव्या टाचंत काटा हाय. दोन दिस झाले.”

काटा होता. दोनच दिवस झाले होते.

पुढे कळलं की ते सगळ्यांनाच असं चालीवरून ओळखतात. अंगणात पाठमोरे बसून पेपर वाचत असले तरी सांगायचे, “पोस्टमन येऊन राहिला.” किंवा, “आप्पा आलेत, आज गुडघा धरलाय त्यांचा.” चेहरे मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना ते वर्षभर रोज भेटत होते, पण एकदा ते नुसते खुर्चीत बसलेले दिसले तर यांनी विचारलं, “तू कोण?”

हे चालीचं वेड कुठं आवरायचं, ते त्यांना कळत नसे. एका लग्नात नवरदेव मांडवात चालत आला तेव्हा शेजारी बसलेल्या मुलीच्या मामांना त्यांनी मोठ्यानं सांगितलं होतं, “छाती रुंद हाय, पाठ सरळ हाय. मागचे पाय जरा अशक्त.” काकूंनी त्यांना जेवणाआधीच घरी आणलं. काकू निलंग्याकडच्या. घरात दोघं कानडीत बोलायची. त्या दिवशी त्या कानडीत बराच वेळ बोलल्या आणि डॉक्टरसाहेब नुसते ऐकत राहिले.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक जाडजूड थर्मामीटर असायचा, दोरी बांधलेला, दोरीच्या टोकाला चिमटा. जनावराला लावल्यावर तो चिमटा शेपटीच्या केसांना अडकवायचा, म्हणजे थर्मामीटर पडत नाही. मला एकदा ताप आला तेव्हा त्यांनी तो खिशातून काढून आपुलकीनं पुढे केला. मी दोन पावलं मागे सरकले.

“धुतलेला हाय,” ते दुखावल्या आवाजात म्हणाले.

लातूर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. दवाखान्याच्या पाटीवरचं ‘उस्मानाबाद’ खरवडून तिथं ‘लातूर’ रंगवायला कुणीतरी आलं होतं. त्याचा रंग संपला म्हणून ते ‘जि. लातू’ एवढंच राहिलं. डॉक्टरसाहेबांनी ते कधी पुरं करून घेतलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, “जिल्हा नवा हाय. वाढंल हळूहळू.”

नव्या जिल्ह्याचे नवे साहेब लोक जीपमधून सारखे फिरायचे, कारण दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं. विहिरींचे तळ दिसत होते. गावाबाहेर माळावर गुरांची छावणी लागली होती. ट्रकनं कडबा आणि उसाचं वाढं यायचं, टँकरनं पाणी. देवणीचे बैल म्हणजे काय चीज असते ते मी तिथंच पाहिलं. पांढरंशुभ्र अंग आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्याभोर. त्याला वानेरा म्हणतात. पण त्या वर्षी त्या पांढऱ्या अंगातून बरगड्या मोजता येत होत्या.

दुष्काळात जनावर आधी बसतं आणि मग उठत नाही. पाय सलामत असतात, पण उठायची ताकद संपलेली असते. मालक समजतो, संपलं. तो जनावरापाशी बसून राहतो, तोंडावरून हात फिरवतो आणि मनातून सोडून देतो. डॉक्टरसाहेबांचा सगळा जीव याच एका गोष्टीवर होता. छावणीत पाय ठेवला की त्यांचा पहिला प्रश्न, “किती पडलेत?” आणि पडलेल्या जनावराभोवती माणसं हळहळत उभी दिसली की ओरडायचे, “पडलंय! मेलं न्हाई! सरका!”

मग पोटाखालून पोत्यांचा पट्टा घालायचा. दोन्ही बाजूंनी बांबू ओवायचे. चार माणसं इकडं, चार तिकडं. “उचला!” जनावर लोंबकळत उभं राहायचं. खूर जमिनीला टेकले पाहिजेत, हे ते वाकून बघायचे. दहा मिनिटं उभं धरायचं, सकाळी आणि संध्याकाळी. मधल्या वेळात दर दोन तासांनी या कुशीवरून त्या कुशीवर. एका कुशीवर पडून राहिलं तर खालचा पाय मरतो, कातडीला जखमा होतात. कुणी, कधी, कोणत्या जनावराची कूस पालटायची, ते एका पत्र्यावर खडूनं लिहिलेलं असायचं. जमिनीवर एक जरी जनावर पडलेलं असेल तरी छावणीत ते बसत नसत. चहासुद्धा उभ्यानं घ्यायचे.

एकदा जिल्ह्याहून आलेल्या एका साहेबांनी वही काढून विचारलं, “एकूण जनावरं किती?”

“उभी का पडलेली?”

“एकूण.”

“वही ठेव. हा बांबू धर,” डॉक्टरसाहेब म्हणाले. “आठवा माणूस कमी पडून राहिलाय.”

साहेबांनी बांबू धरला. त्यांच्या पांढऱ्या पँटीवर शेणाचा मोठा डाग पडला. आश्चर्य म्हणजे ते पुढच्या वेळी आले तेव्हा जुनी पँट घालून आले आणि आपणहून बांबूपाशी गेले.

आप्पांची एक म्हातारी गाय अशीच अकरा दिवस उचलली होती. बाराव्या दिवशी ती आपली आपण उभी राहिली. आप्पांनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली.

त्या हिवाळ्यात गावात खोकल्या-तापाची साथ आली. घरटी दोघं-तिघं आजारी. आमच्या आरोग्य केंद्राच्या बाहेर सकाळपासून रांग लागायची. डॉक्टरसाहेबांनाही ताप आला. मी गोळ्या दिल्या आणि पाच दिवस पडून राहा म्हणून बजावलं.

“पडून?” त्यांनी विचारलं. तो शब्दच त्यांना आवडला नाही. मफलर गुंडाळून, खोकत खोकत ते छावणीत जातच राहिले. सहाव्या दिवशी ताप उतरला, खोकला गेला, आणि आम्ही सगळे ते विसरूनही गेलो.

दहा-बारा दिवस झाले असतील. सकाळी मी वेणी घालत होते. अंगणातून आवाज आला, सपक्, सपक्. कुणीतरी चप्पल ओढत चालल्यासारखा. दारातून पाहिलं तर डॉक्टरसाहेब हातात बादली घेऊन मधेच थांबलेले. त्यांनी बादली खाली ठेवली. फाटकापर्यंत परत गेले. तिथून पुन्हा चालत आले, मान खाली घालून, स्वतःच्या पायांकडे बघत.

“सिस्टरबाई,” ते म्हणाले, “ही चाल माझी न्हाई.”

मी त्यांना ओट्यावर बसवलं. म्हणाले, परवापासून तळपायाला मुंग्या येतात. काल घोटा ढिला वाटला, आज गुडघा. सकाळी थर्मामीटरचा चिमटा दाबता येईना.

“गुडघ्याखाली मार,” त्यांनी पाय लोंबते सोडले. “हाताच्या कडेनं.”

मी मारलं. पाय हलला नाही. पुन्हा मारलं. दुसऱ्या गुडघ्यावर मारलं. सुतळीला बांधून टांगल्यासारखे दोन्ही पाय नुसते लोंबत होते.

त्यांनी स्वतःच्या हातांनी दोन्ही गुडघे चाचपले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, “खालून वर चढून राहिलंय. किती वर जातंय ते बघाया पायजे.”

मी धावत जाऊन आमच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी तपासलं आणि दोनच शब्द बोलले, “लातूर. आत्ता.”

छावणीत कडबा उतरवून एक ट्रक रिकामा परत निघाला होता. आप्पांनी तो वाटेत थांबवला. हौद्यात उरलेल्या कडब्यावर गोधडी टाकून डॉक्टरसाहेबांना झोपवलं. काकू उशाशी, मी पायथ्याशी. ट्रक सुटायच्या आधी त्यांनी आप्पांना जवळ बोलावलं.

“तीन पडलेत. त्यातल्या वानेऱ्याचा उजवा पाय खाली हाय, त्याची कूस आता पालटायची.”

“करतो,” आप्पा म्हणाले. “तुम्ही जावा.”

लातूरच्या मोठ्या दवाखान्यात ज्या डॉक्टरबाई होत्या, त्या शांत आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी तपासलं, पाठीच्या मणक्यातून पाणी काढून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला समजावून सांगितलं. आजाराला एक लांबलचक परदेशी नाव होतं. खोकल्या-तापाचा विषाणू अंगातून कधीच गेला होता. पण त्याला मारायला शरीरानं जी फौज उभी केली, ती फौज आता चुकून आपल्याच नसांवर तुटून पडली होती. नसांवरचं आवरण झिजत होतं आणि मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचत नव्हता. लाखात एखाद्याला, सर्दी-तापानंतर, असं होतं.

“किती वर जातं?” डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

“सांगता येत नाही. काहींचं कमरेत थांबतं. काहींचं छातीपर्यंत जातं.”

“म्हंजी श्वास.”

“हो,” बाई म्हणाल्या. त्यांनी लपवलं नाही. “तसं झालं तर श्वास देणारं यंत्र लागेल. ते सोलापूरला. रस्ता लांब आहे आणि वाटेतच काही झालं तर हातात काही नसतं. म्हणून उगाच हलवायचं नाही, आणि हलवायला उशीरही करायचा नाही.”

मग त्यांनी मला एक काम दिलं. दर तासाला डॉक्टरसाहेबांनी छाती भरून श्वास घ्यायचा आणि तो सोडताना मोठ्यानं आकडे म्हणायचे. एका सेकंदाला एक. एका श्वासात किती आकडे होतात ते मी कागदावर लिहायचं. पंधराच्या खाली आलं की सोलापूर.

“कानडीत म्हणतो,” डॉक्टरसाहेब म्हणाले. “मराठीत एकोणीस, एकवीस, लई लांबड हाय. त्यातच दम जातो.”

“कशातही म्हणा. पण घड्याळाबरोबर.”

पहिल्यांदा एकतीस झाले. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, असं शाळेतल्या पोरासारखं हेल काढून त्यांनी म्हटलं आणि विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी सव्वीस झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बावीस. तोवर हातांतली ताकद गेली होती. काकू घास भरवायच्या. दुपारी वीस. उजवा डोळा पुरता मिटेना, काकूंनी त्यावर ओली चिंधी ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी अठरा झाले, पण ते खरे नव्हते.

“डॉक्टरसाहेब, तुम्ही आकडे पळवून राहिलात,” मी म्हणाले.

“न्हाई.”

“घड्याळ माझ्या हातात हाय.”

मी पुन्हा म्हणायला लावलं तेव्हा सोळा झाले. बाहेर गाडी उभी करून ठेवली आहे, असं डॉक्टरबाई सांगून गेल्या. त्या गेल्यावर डॉक्टरसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, “सिस्टर, श्वास अर्ध्यात तुटतोय. कुणी दोरी कापल्यासारखा.” जीभ जड झाली होती, पण शब्द कळले. आणि मला पहिल्यांदा कळलं की त्यांना भीती वाटते आहे. इतकी वर्षं गावाच्या जनावरांसाठी सगळ्यांवर ओरडणारा हा माणूस, मरणाची भीती त्याच्या तोंडावर उघडी दिसत होती, आणि ती झाकायला चेहऱ्याचे स्नायूही चालत नव्हते.

मी सिस्टर होते. अशा वेळी काय बोलायचं ते आम्हाला शिकवलेलं असतं. मला त्यातलं काहीच आठवलं नाही. मी त्यांच्या मानेवर तळवा ठेवला आणि म्हणाले, “आपण घाबरू नये. मी इथंच हाय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या घशातून खर्र असा आवाज आला. मी दचकले. मग लक्षात आलं, ते हसत होते.

त्या दिवशी दर तासाला सोळा. काकू पलंगाच्या दांड्याला धरून उभ्या असायच्या. ते म्हणायला लागले की त्यांचेही ओठ हलायचे. बारा, तेरा आले की काकूंची बोटं दांड्यावर पांढरी पडायची. हदिनैदु म्हणजे पंधरा. तो ओलांडला की त्या डोळे मिटायच्या. हदिनारु म्हणजे सोळा. मग श्वास संपायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सोळा. दुपारी सोळा. सोळा वाढत नव्हते, कमीही होत नव्हते. कागदावर मी सोळाच्या खाली सोळा लिहीत होते.

चार वाजता खिडकीतून ऊन आलं होतं. डॉक्टरबाई फेरीवर आल्या होत्या, दुसऱ्या पेशंटपाशी, आमच्याकडे पाठ करून उभ्या. डॉक्टरसाहेबांनी छाती भरली. ओंदु, एरडु. मी घड्याळाकडे बघत होते. हदिनैदु. हदिनारु. मग एक क्षण गेला, आणि घोगऱ्या आवाजात एक शब्द आला, “हदिनेळु.”

डॉक्टरबाई वळल्या. “किती झाले?”

मी कागदावर आकडा लिहीत होते. काकूंनी सांगितलं, “सतरा.” आणि पलंगाच्या कडेवर खाली बसून त्या पदरात तोंड घालून रडायला लागल्या. चार दिवसांत पहिल्यांदा.

त्यानंतर आकडे रोज एक-दोननं वाढत गेले. मी देवणीला कामावर परत आले. तीन-चार आठवड्यांनी डॉक्टरसाहेब घरी आले ते चादरीच्या झोळीत. छाती वाचली होती, हात थोडे हलत होते, पाय मात्र लाकडासारखे होते. डॉक्टरबाईंनी लिहून दिलं होतं, नसा हळूहळू भरून येतात, महिने लागतात. सांधे आखडू देऊ नका, कूस बदलत राहा, जमेल तसं लवकर उभं करा.

आणि इथं डॉक्टरसाहेबांनी हट्ट धरला. कूस बदलायला गेलं की म्हणायचे, राहू दे. पाय हलवायला गेलं की म्हणायचे, उद्या. उभं करायचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड. छावणीतून माणसं भेटायला यायची, त्यांना आत घेऊ देत नसत. काकू मला म्हणाल्या, “सिस्टर, त्यांना लाज वाटती. दुसऱ्यानं उचलावं लागतंय याची. तिथं वाचले आणि इथं सोडून दिलं त्यांनी.”

मी समजावलं, रागावले. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “तू जा, तुझी रांग लागली असंल.” त्यांच्या पाठीवर लाल चट्टा दिसायला लागला होता. आणखी आठ दिवस असेच गेले असते तर काय झालं असतं, ते मला माहीत होतं आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

एका सकाळी आप्पा आले. खांद्यावर दोन बांबू, काखेत पोत्यांचा पट्टा. मागे छावणीतली आठ माणसं. ते सरळ आत गेले आणि पट्टा पलंगावर टाकला.

डॉक्टरसाहेबांनी पट्टा बघितला. महिन्याभरात आला नव्हता तेवढा जोर त्यांच्या आवाजात आला. “मी काय बैल हाय का?”

“बैल असता तर इतका तरास दिला नसता,” आप्पा म्हणाले.

“आप्पा, भायेर जा.”

“माझी गाय तुम्ही अकरा दिस उचलली. मी सोडली होती तिला. तुम्ही मला भायेर जा म्हणला न्हाई, बांबू धर म्हणला.” आप्पा एवढं सलग बोललेले मी कधी ऐकलं नव्हतं. “आता आम्ही धरतो. तुम्ही फकस्त वरडा.”

मधे पडले ती मीच. माणसाची कातडी म्हणजे गाईची नव्हे, पोत्यानं सोलून निघेल, आणि इतके दिवस आडवं असलेल्या माणसाला एकदम उभं केलं तर चक्कर येऊन शुद्ध जाते. आप्पांनी नीट ऐकलं. “मग सांगा, कसं करायचं.” काकूंनी दोन गोधड्या काढल्या, त्या पट्ट्यावर शिवल्या. पट्टा काखेखालून आणि मांड्यांखालून कसा घ्यायचा ते मी दाखवलं. आधी दोन दिवस नुसतं टेकवून बसवायचं, मग उचलायचं, असं ठरलं. डॉक्टरसाहेब हे सगळं भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. शेवटी त्यांच्यानं राहवलं नाही.

“गाठ चुकून राहिली तुमची,” ते भिंतीला म्हणाले. “ती सरकंल.”

तिसऱ्या दिवशी अंगणात त्यांना उचललं. चार माणसं इकडं, चार तिकडं, मधे मी. माझं बोट त्यांच्या नाडीवर. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, नाडी धावायला लागली. मी म्हणाले, खाली घ्या. ते म्हणाले, “थांब.” आप्पा वाकून बघत होते, तळवे जमिनीला टेकलेत का. उघडे तळवे शेणानं सारवलेल्या अंगणाला टेकले होते. डॉक्टरसाहेब खाली बघत होते, काहीतरी ऐकू येतंय तसे.

“गार हाय,” ते म्हणाले.

“काय गार हाय?” काकू घाबरून पुढे आल्या.

“जमीन. जमीन गार लागून राहिली मला.”

त्या दिवसापासून रोज दोनदा. पहिल्या आठवड्यात ते नुसतं लोंबकळणं होतं. मग गुडघे थोडं वजन घ्यायला लागले. त्यांचा आवाज परत आला. झोळीत लोंबकळत ते आठ माणसांना शिव्या घालायचे, तुझा खांदा खाली, तुझं लक्ष कुठं, आणि माणसं खूश होऊन ऐकायची. बायका कुंपणावरून बघायच्या. एकीनं काकूंना विचारलं, लाज नाही वाटत? काकू म्हणाल्या, “पायात जोर येऊन राहिलाय, लाजंला जागा कुठं हाय?” दोन महिन्यांनी आठाची चार माणसं झाली, मग दोन, मग आप्पांचा एक खांदा. पाऊस होऊन छावणी उठली तेव्हा डॉक्टरसाहेब काठी घेऊन फाटकापर्यंत जात होते. पुढच्या हिवाळ्यात कामावर हजर झाले.

डावा पाय पूर्ण सुधारला नाही. चिखलातून चालल्यासारखा तो उंच उचलून टाकावा लागायचा. आठवडी बाजारात लोक वळून बघायचे. ते स्वतःच थांबून सांगायचे, “मागचा डावा अजून फेकतो. बाकी जनावर चांगलं हाय.” बोटांतही थोडी कसर राहिली. पण मी त्यांना नंतर कधी नाराज असं पाहिलं नाही. उलट जरा जास्तच समाधानी दिसायचे. ओट्यावर बसून सांगायचे, “पडलेल्याला आतून कसं वाटतं, हे कोणच्या ढोराच्या डॉक्टरला ठाऊक हाय? मला हाय.”

काही वर्षांनी माझी बदली नांदेड जिल्ह्यात, मुखेडजवळच्या एका गावी झाली. लग्न झालं, मुलगी झाली. देवणीचं अंगण मागं पडलं.

तिथं एका सकाळी रांगेत एक शेतकरी उभा होता. पंचवीस-तीस वयाचा, धडधाकट. आठ-दहा दिवसांपूर्वी खोकल्या-तापाला गोळ्या घेऊन गेला होता. आता म्हणाला, पायाला मुंग्या येतात, ताकदीची गोळी द्या. तो आत चालत आला तेव्हा मला तो आवाज ऐकू आला, सपक्, सपक्. मी त्याला टेबलावर बसवलं, गुडघ्याखाली हाताच्या कडेनं मारलं आणि एक मिनिटही न घालवता आमच्या डॉक्टरांना बोलावलं. दुपारच्या आत तो नांदेडला दवाखान्यात होता. त्याचे एका श्वासातले आकडे एकोणीसवर थांबले. तो वाचला.

ते कळलं त्याच रात्री मी देवणीला कार्ड टाकलं. सगळं सविस्तर लिहिलं, थोडं स्वतःचं कौतुकही लिहिलं असेल.

आठ दिवसांनी उत्तर आलं. अक्षर मुंगीचे पाय शाईत बुडवल्यासारखं, ओळी वर चढलेल्या, पण त्यांच्याच हातचं. लिहिलं होतं : ‘सिस्टरबाई, बेस काम केलंस. पेशंट बोलत नसंल. मीही बोलत नव्हतो. त्याला धीर देऊ नको, सगळे देत असतील. त्याची बैलं कोण बघून राहिलंय, ते विचार.’

हे मी विचारलं नव्हतं. रविवारी एसटीनं नांदेडला गेले. तो माणूस छताकडे डोळे लावून पडला होता. त्याची आई म्हणाली, आल्यापासून असाच आहे, कुणाशी एक शब्द नाही. मी स्टूल ओढून बसले आणि विचारलं, “तुझी बैलं कोण बघून राहिलंय?”

त्यानं मान वळवली.

“चुलता बघतो,” तो म्हणाला. “पण त्याला जमत न्हाई, बाई. माझा धाकटा बैल लई लाजरा हाय. कोण जवळ उभं ऱ्हायलं तर पाणी पीत न्हाई. भांडं ठेवून लांब व्हावं लागतं. हे मी चुलत्याला सांगितलंच न्हाई…”

त्याची आई त्याच्याकडे बघत राहिली. तो बोलत होता. मोठा बैल कुणाकडून घेतला, धाकटा घरच्याच गाईचा कसा, पेरणीला कोण पुढं चालतो. मी घड्याळ बघितलं नाही. परतीची एसटी गेली, त्याच्या मागची पण गेली.